एलएस इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलताय? नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मिशिगनमध्ये असतो, गॅरेजमध्ये चेव्हीची २००० सालची कॅमॅरो आहे, एलएस१वाली (एलएस म्हणजे जनरल मोटर्सची पुशरॉडवाली व्ही८ इंजिनं). इकडच्या मराठी पोरांपैकी ज्यांनी ज्यांनी जुनी कॉर्व्हेट नाहीतर जंकयार्डातून ५.३ लिटरचं ट्रकचं इंजिन उचललंय ते सगळे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) बदलायच्या वेळी मला फोन करतात आणि तेच तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. सगळी मापं इंचात आणि पाउंडात आहेत कारण या इंजिनाचं सगळं सामानच तसं येतं. 'थाउ' म्हटलं की इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ६० थाउ म्हणजे ०.०६० इंच.

व्हॉल्व्ह स्प्रिंगचं काम काय, व्हॉल्व्ह बंद करणं एवढंच ना?

बंद करणं हे अर्धंच काम. खरं काम आहे सगळ्या साखळीला कॅमला चिकटवून ठेवणं. कॅमवरचा लोब, म्हणजे उंचवटा, लिफ्टरला वर ढकलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो. लोबच्या टोकाकडे जाताना हे सगळे पार्ट वेगात असतात आणि तिथे त्यांना ब्रेक लागायला हवा, नाहीतर ते त्याच वेगात पुढे जाऊ बघतात, जसं एसटीने कचकन ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात. तो ब्रेक म्हणजे स्प्रिंग. ती कमी पडली की लिफ्टर लोबवरून उचलला जातो आणि थोडा वेळ सगळं हवेत. मग खाली येताना व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या बसायच्या जागेवर, आपटतो, आपटून परत उसळतो. याला सगळे मिळून 'फ्लोट' म्हणतात, पण वरचं उडणं आणि खालचं उसळणं हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि बऱ्याचदा आधी सुरू होतं ते खालचं उसळणं.

कंपनीची स्प्रिंग ६,००० आरपीएमपर्यंत मस्त चालते, मग ७,००० ला काय बिघडतं, हजारच तर जास्त आहेत?

हाच हिशोब लोकांचा चुकतो. पार्टवर येणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६,२०० वरून ७,००० ला गेलात तर आरपीएम वाढले १३ टक्के, पण जोर वाढला सुमारे २७ टक्के. आणि हे झालं त्याच कॅमवर. तुम्ही त्यात जास्त लिफ्टचा (म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा), झटक्यात उघडणारा कॅम टाकलात तर तो अजून वेगळा वाढतो. स्टॉक, म्हणजे मूळची, स्प्रिंग कंपनीने स्टॉक कॅमसाठी आणि स्टॉक लिमिटरसाठी (आरपीएम ठरावीक आकड्यापुढे जाऊ न देणारी मर्यादा) हिशोब करून दिलेली असते, तिच्यात एवढी जागा ठेवलेली नसते.

खुद्द जनरल मोटर्सने काय केलं ते बघा ना. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ आलं. २००१ ला कॉर्व्हेटच्याच झेड०६ मॉडेलसाठी त्याचंच एलएस६ केलं तेव्हा नुसता कॅम बदलला नाही, स्प्रिंगाही जास्त ताकदीच्या दिल्या. पहिल्या वर्षी ३८५ हॉर्सपॉवर, आणि २००२ ला लिफ्ट ०.५५० इंचाच्या आसपास नेऊन ४०५. पुढे २००६ ला ७ लिटरचं एलएस७ आलं, त्याला ७,००० आरपीएमपर्यंत न्यायचं होतं, तर नुसती स्प्रिंग कडक करत न बसता इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्हच टायटॅनियमचे टाकले. म्हणजे स्प्रिंगवरचं ओझंच कमी केलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फ्लोट होतंय हे कळणार कसं?

डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) पॉवरची रेघ वर जाता जाता एकदम वेडीवाकडी होते नाहीतर धपकन खाली येते. रस्त्यावर वरच्या आरपीएमला इंजिन अडखळल्यासारखं वाटतं, लिमिटर लागलाय असं वाटतं पण लागलेला नसतो. हायड्रॉलिक लिफ्टर असेल तर अजून एक गंमत होते. साखळीत सैलपणा आला की लिफ्टर तेल भरून तो भरून काढतो, आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. गाडी जरा खाली आणून सोडली की परत नॉर्मल. लोक इग्निशन कॉइल बदलतात, प्लग बदलतात, ट्यूनरला (इंजिनाचा कॉम्प्युटर सेट करणाऱ्याला) शिव्या घालतात, आणि भानगड स्प्रिंगची असते.

सीट प्रेशर, ओपन प्रेशर, रेट... हे आकडे वाचायचे कसे?

तीन आकडे समजले की बास. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची जी उंची असते ती इन्स्टॉल्ड हाइट, एलएसमध्ये ही साधारण १.८०० इंच. त्या उंचीला स्प्रिंग जेवढ्या जोराने ढकलते ते सीट प्रेशर. पूर्ण उघडल्यावर जो जोर असतो तो ओपन प्रेशर. आणि रेट म्हणजे एक इंच दाबायला किती पाउंड लागतात. आता समजा स्प्रिंगचं सीट प्रेशर १३० पाउंड आहे, रेट ३२० आहे, आणि कॅमची लिफ्ट ०.६०० इंच. तर ओपन प्रेशर १३० अधिक (३२० गुणिले ०.६००), म्हणजे ३२२ पाउंड. एवढंच गणित आहे, सातवीच्या पोराला येईल.

सीट प्रेशर उसळण्यावर उपाय, ओपन प्रेशर उडण्यावर उपाय, असं ढोबळ मानाने धरा. सरळ सरळ प्रेशर मोजून स्प्रिंग निवडायची नसते मात्र. कॅम ज्याने ग्राइंड केलाय त्याने त्या लोबसाठी कुठली स्प्रिंग सांगितली आहे ते आधी विचारा, कारण दोन कॅमची लिफ्ट सारखी असली तरी एक हळूच उघडतो आणि दुसरा धाडकन. फोरमवर कोणीतरी 'माझी चालते' म्हणाला म्हणून तीच घेऊ नका, त्याचा लोब वेगळा असेल.

मग बाजारातली सगळ्यात कडक स्प्रिंग टाकून देतो, टेन्शनच नको!

नको रे बाबा. रॉकरचा रेशो १.७ आहे (पुशरॉड १ हलला की व्हॉल्व्ह १.७ हलतो), म्हणजे व्हॉल्व्हकडे ३२२ पाउंड असतील तर पुशरॉड, लिफ्टर आणि कॅमकडे ते जवळजवळ ५५० पाउंड होऊन येतात. हायड्रॉलिक रोलर लिफ्टरच्या चाकात बारीक बारीक बेअरिंगच्या सुया असतात, त्या हे सगळं सहन करतात. उगाच जास्त कडक स्प्रिंग टाकली की त्या सुया जातात, मग चाक जातं, मग लोब खरवडतो, आणि लोखंडाचा चुरा तेलातून सगळीकडे फिरतो. लिफ्टरमधलं तेलही जास्त दाबाने गळतं, पुशरॉड वाकतो, व्हॉल्व्ह सीट ठोकून खराब होते.

एक गैरसमज मात्र काढून टाका, की कडक स्प्रिंग खूप पॉवर खाते. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग जी ताकद घेते त्यातली बरीचशी बंद होताना कॅमला परत ढकलून देते. तोटा होतो तो घर्षणाचा. म्हणजे पॉवरसाठी नाही, तर पार्ट टिकावेत म्हणून गरजेपुरतीच कडक घ्या.

बीहाइव्ह घेऊ का डबल?

यावर पोरांची भांडणं होतात. बीहाइव्ह म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी वर निमुळती होत गेलेली एकच स्प्रिंग. वर छोटी असल्यामुळे रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी टोपी) छोटा आणि हलका लागतो. शिवाय प्रत्येक वेटोळं वेगळ्या मापाचं असल्यामुळे सगळी स्प्रिंग एकाच ठेक्यात थरथरत नाही. ही थरथर म्हणजे सर्ज, ती फार वाईट गोष्ट आहे, कारण स्प्रिंगच स्वतः लाटांसारखी हलायला लागली की कागदावरचं प्रेशर कागदावरच राहतं. एलएसच्या स्टॉक स्प्रिंगाही बीहाइव्हच आहेत.

डबल म्हणजे एकात एक दोन स्प्रिंगा. जड असतात, रिटेनर मोठा लागतो, पण आतली बाहेरचीला घासून थरथर मारते, आणि मुख्य म्हणजे एक तुटली तर दुसरी व्हॉल्व्हला धरून ठेवते. बीहाइव्ह तुटली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू शकतो, आणि पिस्टनने त्याला खालून ठोकला की मग इंजिन बघायला बोलवायचं ते फक्त भंगारवाल्याला.

माझं मत विचाराल तर ०.६०० च्या आत लिफ्ट, ६,६०० पर्यंत आरपीएम, रस्त्यावरची गाडी असेल तर चांगली बीहाइव्ह घ्या आणि सुखाने झोपा. त्याच्या वर लिफ्ट गेली, ट्रॅकवर वरचेवर न्यायची असेल तर डबल. माझ्या गाडीत डबल आहेत. गरज होती का? खरं सांगायचं तर नव्हती, पण मला झोप लागत नाही.

पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं, मोजायचं कशाला?

कारण पाकिटावर तुमचं हेड नसतं. त्याच स्प्रिंगा, तेच रिटेनर, पण तुमच्या हेडचे व्हॉल्व्ह कधी ग्राइंड झालेत, सीट किती खोल गेलीय, लॉक (रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर धरणारे तुकडे) कुठले आहेत यावर इन्स्टॉल्ड हाइट बदलते. एखाद्या व्हॉल्व्हवर १.८०० ऐवजी १.८३० निघाली तर वरच्या उदाहरणात सीट प्रेशर जवळजवळ १० पाउंडाने कमी झालं. सोळा व्हॉल्व्ह आहेत, सोळाच्या सोळा मोजा. हाइट मायक्रोमीटर मिळतो, तो स्प्रिंगच्या जागी घालायचा, रिटेनर आणि लॉक लावायचे, फिरवायचा, आकडा वाचायचा. जिथे जास्त उंची असेल तिथे खाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालायची. १५, ३० आणि ६० थाउच्या शिमा मिळतात. मला सोळापैकी पाच ठिकाणी घालाव्या लागल्या.

दुसरं मोजमाप कॉइल बाइंडचं. स्प्रिंग पूर्ण दाबली की वेटोळ्याला वेटोळं चिकटतं, त्यापुढे ती स्प्रिंग नसून लोखंडाचा पाइप आहे. समजा ती उंची १.१०० आहे. तुमचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग १.८०० वजा ०.६००, म्हणजे १.२०० वर येते. उरले १०० थाउ, मस्त. साधारण ६० थाउ तरी उरायला हवेत असं बहुतेक बिल्डर धरतात. आणि फार जास्त उरणंही चांगलं नाही हे कोणी सांगत नाही, कारण वेटोळी जवळ आली की ती थरथर दाबतात, म्हणून ओव्हरसाइझ स्प्रिंग घेऊन २०० थाउ मोकळे ठेवलेत म्हणजे फार शहाणपणा केला असं नाही.

तिसरं विसरतात ते हमखास: रिटेनरचा खालचा भाग आणि व्हॉल्व्ह स्टेमचं सील. जास्त लिफ्टच्या कॅमवर रिटेनर खाली येऊन सीलला ठोकतो, सील फुटतं, आणि मग निळा धूर. इथेही ५०-६० थाउ हवेतच.

टायटॅनियमचे रिटेनर घेऊ का, दिसतात भारी...

दिसतात भारी हे खरं. टायटॅनियम स्टीलपेक्षा ४० टक्क्यांहून हलकं असतं आणि व्हॉल्व्हकडचं वजन कमी करणं हे सगळ्यात फायद्याचं काम आहे. पण स्प्रिंग रिटेनरला घासून टायटॅनियम झिजतं, ते रेसवाल्यांना चालतं कारण ते दर काही तासांनी उघडून बघतात. तुम्ही वर्षातून एकदा तेल बदलता. चांगल्या स्टीलचे हलके रिटेनर घ्या.

लॉक, म्हणजे आपले फिटर ज्याला कॉटर म्हणतात ते, त्यांचा कोन रिटेनरशी जुळला पाहिजे. स्टॉक ७ अंशाचे असतात. १० अंशाच्या रिटेनरमध्ये ७ अंशाचे लॉक बसल्यासारखे दिसतात पण धरत नाहीत. जुन्या डब्यातले लॉक वापरून पैसे वाचवू नका.

पुशरॉड बदलायलाच हवेत का? जाड घेतला तर वजन वाढेल ना?

हा माझा आवडता प्रश्न. वजन वाढतं, पण ते कुठल्या बाजूला वाढतं ते बघा. रॉकरच्या १.७ रेशोमुळे पुशरॉडकडचा पार्ट व्हॉल्व्हपेक्षा कमी हलतो आणि कमी वेगाने हलतो. हिशोब केला तर व्हॉल्व्हकडचं १ ग्रॅम म्हणजे पुशरॉडकडचं जवळजवळ २.९ ग्रॅम, १.७ चा वर्ग. म्हणून व्हॉल्व्ह, रिटेनर, लॉक हलके करा, आणि पुशरॉड बिनधास्त जाड करा. बारीक पुशरॉड दाबाखाली धनुष्यासारखा वाकतो आणि सुटताना व्हॉल्व्हला गोफणीसारखा फेकतो, मग तुम्ही म्हणता स्प्रिंग कमी पडली. स्टॉक पुशरॉड ५/१६ इंचाचा असतो. कडक स्प्रिंग टाकली की निदान त्याच मापात जाड भिंतीचा, ८० थाउवाला, टाकाच. त्याहून जाड घ्यायचा तर हेडमध्ये घासतोय का ते एकेक फिरवून बघा.

लांबी ७.४०० च ना?

स्टॉक हो. तुमची तीच असेल असं नाही. या इंजिनात रॉकर सरळ बोल्टने आवळायचा असतो, चेव्हीच्या जुन्या स्मॉल ब्लॉकसारखी नटने ॲडजस्टमेंट नाही. त्यामुळे लिफ्टरला किती प्रीलोड मिळणार (व्हॉल्व्ह बंद असताना लिफ्टर आतून किती दाबलेला राहणार) हे फक्त पुशरॉडच्या लांबीने ठरतं. हेड घासलं की छोटा लागतो, पातळ गॅसकेट टाकलं की छोटा लागतो, मोठ्या कॅमचा बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान असतो म्हणून मोठा लागतो. हे सगळं मनातल्या मनात जुळवत बसू नका, लांबी तपासायचा ॲडजस्टेबल पुशरॉड मिळतो, तो घ्या.

माझी गोष्ट सांगतो. हेड एका मशीन शॉपमध्ये दिलेले, परत आले चकाचक, मी ७.४०० चा सेट ऑर्डर करायच्या बेतात होतो. बायको म्हणाली एवढं सगळं मोजलंस तर हेही मोज की. मोजलं तर ७.३५० निघाला! मग फोन केला तेव्हा कळलं की 'सरफेस सरळ करायला' त्यांनी ३० थाउ घासलेत, बिलावर कुठे नाही, तोंडी सांगितलं नाही. वर माझं गॅसकेटही स्टॉकपेक्षा पातळ होतं. नुसतं हेड घासण्याने पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतरही तेवढंच कमी झालं होतं, तेही परत बघावं लागलं.

प्रीलोड किती ठेवायचा हे लिफ्टरवाला सांगेल, एलएस७ टाइपच्या लिफ्टरला साधारण ६० ते ८० थाउ ठेवतात बरेच जण. घरगुती तपासणी अशी: लिफ्टर बेस सर्कलवर असताना रॉकरचा बोल्ट हाताने फिरवत सगळा सैलपणा जाईपर्यंत आणायचा, आणि तिथून २२ फूट-पाउंड टॉर्कला किती फेरे जातात ते मोजायचं. बोल्ट ८ मिलिमीटरचा, १.२५ पिचचा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला रॉकर ४९ थाउ खाली जातो, आणि रेशोमुळे लिफ्टरकडे ते सुमारे ७८ थाउ होतात. साधारण एक फेरा म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात. अडीच फेरे जात असतील तर पुशरॉड लांब आहे, इंजिन स्टार्ट करू नका.

रॉकर स्टॉक ठेवले तर चालतील?

चालतील, आणि चांगले चालतील. स्टॉक रॉकर हलके आणि मजबूत आहेत, लोक उगाच महागडे रोलर रॉकर टाकून व्हॉल्व्हच्या बाजूला वजन वाढवून ठेवतात. स्टॉक रॉकरची कमजोरी एकच, मधल्या ट्रनियनच्या (रॉकर ज्यावर डुलतो त्या आसाच्या) बेअरिंगमधल्या सुट्या सुया. कडक स्प्रिंगखाली त्या बाहेर पडल्या की सरळ तेलात. बुशवाला ट्रनियन किट मिळतो, प्रेसवर किंवा व्हाइसमध्ये एका दुपारी सगळे सोळा होतात.

लिफ्टर बदलायचे म्हणजे हेड काढायचं, ते राहू दे का?

गाडी लाखभर मैल चालली असेल तर नका राहू देऊ. लिफ्टर सरळ राहावा म्हणून प्लास्टिकचे ट्रे असतात, ते म्हातारे होऊन ढिले होतात, लिफ्टर आडवा फिरतो आणि लोब संपला. ट्रेही नवीन टाका, ते स्वस्त आहेत.

आणि ज्यांनी नंतरच्या जनरेशनचं ५.३ उचललंय ज्यात चार सिलिंडर बंद करायची सिस्टीम आहे (१, ४, ६, ७ या सिलिंडरांवर असते), त्यांनी नीट ऐका. त्या चार ठिकाणचे लिफ्टर आतून दुमडणारे असतात. कडक स्प्रिंग आणि मोठा कॅम त्यांना झेपत नाही. आधी ती सिस्टीम काढा, साधे लिफ्टर टाका, ट्यूनमधून बंद करा, मग कॅम-स्प्रिंगचं बोला.

पिस्टनला व्हॉल्व्ह लागेल का?

स्प्रिंगमुळे नाही लागणार, कॅममुळे लागेल, पण स्प्रिंग उघडलीच आहे तर तपासायची वेळ हीच. हलक्या चेकिंग स्प्रिंगा लावा, इंजिन हाताने फिरवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचण्याच्या आधी क्रँकचे १०-२० अंश राहिले असताना सगळ्यात जवळ येतो, इनटेक तेवढाच नंतर. इनटेकला ८० आणि एक्झॉस्टला १०० थाउ हा जुना नियम आहे आणि मी तोच पाळतो. एक्झॉस्टला जास्त का, तर तो गरम होऊन वाढतो आणि पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो, फ्लोट झालं की पहिला तोच सापडतो.

टर्बो लावणार आहे, बूस्टसाठी वेगळी स्प्रिंग?

बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर दाबतो. एलएस१ चा इनटेक २ इंचाचा, क्षेत्रफळ ३.१४ चौरस इंच, १५ पीएसआय बूस्ट म्हणजे ४७ पाउंड व्हॉल्व्हला उघडायच्या दिशेने. तेवढे तुमच्या सीट प्रेशरमधून वजा झाले असं समजा. पण लोक विसरतात ते एक्झॉस्टला. छोट्या टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये बूस्टच्या दुप्पट दाब असू शकतो. १.५५ इंचाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ३० पीएसआय म्हणजे ५७ पाउंड! म्हणून टर्बोवाल्यांनी सीट प्रेशर जरा चढं घ्यावं, आणि टर्बो फार छोटा घेऊ नये, पण तो वेगळा विषय आहे.

हेड न काढता घरी बदलता येतात?

येतात, मी तसंच केलंय पहिल्यांदा. प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचा हा एक प्रकार. यात पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) नसेल तर हवेने क्रँक फिरतो आणि क्रँकवर लावून ठेवलेला पाना तुमच्या हनुवटीत बसतो. दुसरा, मला आवडणारा प्रकार: पिस्टन टीडीसीला आणायचा, व्हॉल्व्ह सैल झाला तरी पिस्टनवर टेकतो, आत पडत नाही. फायरिंग ऑर्डर १-८-७-२-६-५-४-३ आहे, म्हणजे १ आणि ६ एकाच वेळी वर असतात, तसेच ८ आणि ५, ७ आणि ४, २ आणि ३. चार वेळा क्रँक फिरवला की सोळा स्प्रिंगा झाल्या. कॅमॅरोवाल्यांनो, मागचे दोन सिलिंडर काउलखाली (काचेच्या खालच्या पत्र्याखाली) लपलेत, ७ आणि ८ ला पाठ मोडते, आधी जेवून घ्या.

हेडमधली तेल खाली जायची भोकं चिंध्यांनी बंद करा. बंद करा म्हणजे बंद करा. मी 'एकच तर राहिलीय' म्हणून शेवटच्या स्प्रिंगला चिंधी काढली आणि कॉटर टुण्णकन उडून बरोबर त्या भोकात. दोन दिवस चुंबक बांधलेली तार घेऊन बसलो होतो.

नवीन स्प्रिंगांना काही संस्कार करावे लागतात का?

असं बघा, स्प्रिंगवरचा ओरखडा म्हणजे तुटण्याची जागा. पक्कडीने धरू नका, स्क्रू ड्रायव्हरने डबल स्प्रिंगा वेगळ्या करू नका, ॲसिडच्या कुठल्या क्लीनरमध्ये बुडवू नका, नुसतं सॉल्व्हंटने पुसा आणि तेल लावून बसवा. पहिल्यांदा स्टार्ट केलं की मध्यम आरपीएमवर नीट गरम होऊ द्या आणि मग पूर्ण थंड होऊ द्या, रेस देऊ नका. पहिल्या गरम-थंडला स्प्रिंग थोडं प्रेशर सोडते, ते सगळ्यांचंच सोडतं, घाबरू नका.

किती टिकतात?

मैलांपेक्षा कशी चालवता त्यावर आहे. लिमिटरवर ठोकत चालवणाऱ्याच्या स्प्रिंगा एका सीझनमध्ये मरतात, माझ्यासारख्याच्या वर्षानुवर्षं जातात. टेस्टर मिळाला तर मोजा, नव्यापेक्षा १० टक्के पडली की बदलायची, आणि सगळ्या सोळा बदलायच्या, एकच नाही. उष्णता हा स्प्रिंगचा शत्रू आहे आणि तिला थंड ठेवणारं फक्त उडणारं तेल असतं, म्हणून तेलाकडे कंजूषपणा नको.

पुण्यात माझी रॉयल एनफील्ड ६५० आहे, हे सगळं तिला लागू आहे का?

स्प्रिंगचं गणित सगळीकडे तेच: इन्स्टॉल्ड हाइट, कॉइल बाइंड, रिटेनर ते सील. पण तुझ्या इंजिनात कॅम वर हेडमध्येच आहे, पुशरॉडच नाही, त्यामुळे अर्धी डोकेदुखी गेली. स्प्रिंग नकोच असेल तर डुकाटी घे, त्यांचा डेस्मो व्हॉल्व्ह बंदसुद्धा रॉकरनेच करतो. गंमत म्हणजे २०२० ला मल्टिस्ट्राडा व्ही४ च्या इंजिनात डुकाटीसुद्धा स्प्रिंगवर परत आली. आणि फॉर्म्युला वनवाल्यांनी १९८६ ला रेनोच्या टर्बो इंजिनात स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू वापरायला सुरुवात केली, कारण त्यांना हव्या त्या आरपीएमला लोखंडाची स्प्रिंग टिकेना.

फक्त स्प्रिंग बदलली तर पॉवर वाढेल?

नाही. आधी फ्लोट होत असेल तर गेलेली परत येईल, एवढंच.

काढलेल्या जुन्या स्प्रिंगा विकू का, चांगल्या दिसतायत?

दिसतात सगळ्याच चांगल्या. ७०,००० मैल चाललेली स्प्रिंग 'जवळजवळ नवी' म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नका, त्याचा व्हॉल्व्ह पडला की फोन मलाच येतो. माझ्या जुन्या सोळातल्या तीन टेबलावर पेपरवेट म्हणून आहेत, बाकीच्या भंगारात दिल्या.